शिष्यवृत्ती महाराजांनी दिली, खोली आपण दिली नाही!

मंडळी, दरवर्षी ११ मार्चला श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या तसबिरीला आपण हार घालतो. भाषणांत एक वाक्य हमखास येतं: १९१३ साली भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडणारा राजा आमचा! खरं आहे. पण त्याच्या पुढचं वाक्य कोणीच उच्चारत नाही. १९१७ साली तेच आंबेडकर करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून राहिले त्या पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकावलं गेलं. कमाटी बागेत झाडाखाली बसायची पाळी आली. पैसा राजाने दिला, छप्पर नाकारलं ते प्रजेने. त्या प्रजेत आपले पणजोबा होते.

महाराजांना हे बरोबर कळलं होतं. गावात शाळा काढली तरी जंगलातलं पोर तिथवर पोचत नाही, म्हणून १८८५ साली त्यांनी सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढलं. राहणं, जेवणं, शिकणं सगळं दरबारच्या खर्चाने. सोनगड म्हणजे गायकवाडांची पहिली राजधानी. ज्या मातीतून गादी उभी राहिली तिचं ऋण राजाने ओळखलं. त्याच गादीच्या आश्रयाने पुण्याहून, कोकणातून, साताऱ्याहून आलेले आपले कारकून, मास्तर, शिलेदार पूर्वज इथे वाडे बांधून स्थिरावले. ते ऋण आपल्याकडे वारशाने येत नाही काय?

आज काय चाललं आहे? छोटा उदेपूर २०१३ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. तिथली राठवा कुटुंबं आपल्या सोसायट्यांच्या विटा वाहतात. त्यांचा मुलगा बारावी होऊन शहरात आला की खोली भाड्याने देणारा आधी आडनाव विचारतो. मग खोली 'कालच गेलेली' असते!

'सरकार करतं की!' हे ठरलेलं उत्तर. करतं, पण कसं? निम्म्याहून अधिक आदिवासी वस्ती आणि किमान २०,००० आदिवासी असलेल्या प्रत्येक तालुक्यात २०२२ पर्यंत एकलव्य निवासी शाळा, अशी घोषणा २०१८ च्या अर्थसंकल्पात झाली. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याच शाळांसाठी ३८,८०० शिक्षक व कर्मचारी 'पुढच्या तीन वर्षांत' भरण्याची घोषणा करावी लागली. शिवाय या शाळा बारावीपर्यंतच. पुढे पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. पण खानावळवाला पैसे जूनमध्ये मागतो, शिष्यवृत्ती खात्यात पडेपर्यंत थांबत नाही. शहरात समरस छात्रालय आहे, तिथे प्रवेश गुणांवर. यादीत नाव नाही त्याने कुठे जायचं?

दुसरं उत्तर: 'आपल्याच मुलांना पुरत नाही.' आपल्यातही ओढगस्तीची घरं आहेत, हे मान्य. त्यांचा घास काढा असं कोणी म्हणत नाही. पण नव्वद टक्के मिळवून मोटारीतून बक्षीस घ्यायला येणाऱ्याला पाकीट देणं ही मदत नव्हे, हौस आहे. त्या हौसेचा पैसा बाजूला काढा. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या कितीतरी वाड्यांचे वरचे मजले मुलं अमेरिकेत गेल्यापासून कुलूपबंद आहेत. ती कुलपं उघडा.

येत्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव यावेत. पहिला, मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी दोन आदिवासी विद्यार्थ्यांचा, त्यात एक मुलगी, राहण्या-जेवण्याचा खर्च जूनमध्येच, आगाऊ द्यावा. दुसरा, खोली देण्यास तयार सभासदांची यादी मंडळाने ठेवावी. तिसरा, मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावं: बाहेरगावच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी महापालिका वसतिगृह बांधणार का, आणि कधी? पालिकेचा कारभार ज्या खंडेराव मार्केटच्या इमारतीतून चालतो, ती वास्तूही महाराजांचीच देणगी आहे. तिथे निवडून जाणाऱ्यांनी देणं म्हणजे काय, हे त्या भिंतींकडून शिकावं.

हे जमणार नसेल तर पुढच्या ११ मार्चला हार जरूर घाला, पण आंबेडकरांचं नाव घेऊ नका. ती पुण्याई महाराजांची. आपल्या खात्यावर अजून फक्त बंद दार जमा आहे.