गोदामांच्या दारातील डिझेल

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरचा माल ७०१ किलोमीटरची सलग वाट कापून भिवंडी तालुक्यात येऊ लागला. पुढे काय? पुढे तो गोदामाच्या दाराशी तिष्ठतो. चाके थांबतात, इंजिन मात्र धडधडत राहते.

नव्या तंत्राचा अभाव आहे असे नाही. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. सहा इंजिने सक्तीची झाली. ती काजळी आवरतात. डिझेल जाळणे थांबवीत नाहीत. म्हणून जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने विजेच्या ट्रकास कमाल ९ लाख ६० हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले. अट एकच, जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला हवा. हेतू स्तुत्य आहे. परंतु ज्याचे कुटुंब एकाच जुनाट ट्रकावर पोसले जाते, त्याला उरलेल्या रकमेचे कर्ज कोण देणार? हे साहाय्य बड्या वाहतूक कंपन्यांच्याच पदरात पडेल, अशी आम्हांस रास्त भीती वाटते. देशभर मिळून ट्रक तरी किती, तर सुमारे ५,६००!

वास्तविक न्हावा-शेवा बंदर ते भिवंडी ही खेप विजेच्या ट्रकास एका चार्जिंगमध्ये जाऊन येण्याजोगी आहे. गोदाममालकांनी आवारात चार्जिंगची सोय करावी, माल उतरविण्याची वेळ ट्रकवाल्यास आधी कळवावी, आणि नवी गोदामे मंजूर करताना शासनाने या दोन्ही गोष्टींची अट घालावी.