नाव तुमचंच आहे ना?

कॉलेज रोडच्या कट्ट्यावर स्टार्टअपचा विषय निघाला की सगळ्यात आधी काय ठरतं? नाव! माल काय विकायचा, पैसे कोण घालणार, हे सगळं नंतर. नाव ठरतं, लोगो बनतो, इन्स्टावर पेज उघडतं, फॉलोअर्सही येतात. मग कंपनी नोंदवायला गेलं की कळतं, हे नाव मिळणार नाही.

अशा वेळी सरकारी कारभाराला शिव्या घालणं सोपं असतं. पण नियम एकदा वाचा तर खरं. समजा, एखाद्या नावाची कंपनी आधीच आहे. तुम्ही त्याला 'नाशिक' जोडलंत, एकवचनाचं अनेकवचन केलंत, स्पेलिंग थोडं वाकवलंत, शेवटी 'डॉट कॉम' किंवा एखादा आकडा चिकटवलात, तरी कायद्याच्या लेखी ते नाव तेच राहतं. शब्द मागेपुढे करून किंवा इंग्रजी नावाचं जसंच्या तसं हिंदी करूनही सुटका नाही. गोदावरी, पंचवटी, सह्याद्री ही नावं आपल्याला जवळची, म्हणून सगळ्यांनाच तीच सुचतात. तिथेच घोळ होतो.

केंद्राच्या 'स्पाइस प्लस' या ऑनलाइन अर्जात दोन नावं सुचवता येतात. फी १००० रुपये. नाव मंजूर झालं की ते २० दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतात. नामंजूर झालं तर फी गेलीच म्हणून समजा.

पण खरी गोम पुढे आहे. नाव मंजूर झालं म्हणजे ते तुमच्या मालकीचं झालं, असं नाही. कंपन्यांची नोंद वेगळी, ट्रेडमार्कची वेगळी. तुमचं नाव कुणाच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कशी फारच जुळत असेल, तर तो मालक कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांत तक्रार करू शकतो. ती मान्य झाली तर तीन महिन्यांत नाव बदला, असा आदेश निघतो. नाही बदललंत? २०२१ पासून त्यावरही तोड आहे. तुमचं नाव काढून 'आदेश पाळला नाही' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं, वर्ष आणि क्रमांक हेच कंपनीचं नाव म्हणून लावलं जातं. अशा नावाने बँकेत कर्ज मागायला जाऊन बघा!

काही नावांचा प्रश्न कागदापलीकडचा असतो. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांची नावं व्यापारासाठी परवानगीशिवाय वापरायला १९५० च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. दारू विकणाऱ्या दुकानांना महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येणार नाहीत, असं राज्याने २०२२ मध्ये ठरवलं. त्याआधी पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीला लोकांच्या रोषामुळे 'संभाजी बिडी' हे अनेक दशकांचं नाव बदलावं लागलं. उसनं मोठेपण कधी ना कधी परत करावं लागतं ते असं.

मग नाव आणायचं कुठून? आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. राजीव सामंत यांनी वाइनला नाव दिलं 'सुला'. आईचं नाव सुलभा, त्यावरून. दोन अक्षरं, कुणाची नक्कल नाही, कुणालाही उच्चारता येतील अशी. गंमत म्हणजे बाटलीवर 'सुला' असताना कंपनीचं कागदावरचं नाव बराच काळ 'नाशिक व्हिंटनर्स' होतं. म्हणजे कंपनीचं आणि ब्रँडचं नाव एकच असायला हवं, असंही नाही.

तेव्हा आधी कंपनी मंत्रालयाच्या साइटवर नाव शोधा, मग ट्रेडमार्कच्या साइटवर. दोन्हीकडे शोधायला पैसे पडत नाहीत. तुम्ही कंपनी न काढता फक्त शॉप अॅक्टवर धंदा करणार असाल तरी हे कराच; तिथे नाव कुणी तपासत नाही, म्हणून धोका टळत नाही. पाटी, डबे, स्टिकर छापायचं त्यानंतर.

दुसऱ्याच्या चालत्या नावाजवळ उभं राहिलं की सुरुवातीला चार गिऱ्हाईकं चुकून येतीलही. पण पाच वर्षं राबून तुम्ही जी पत कमवाल, ती कुणाच्या नावावर जमा होणार, हे आजच ठरवा.