वेड न पांघरता पेडगाव : रुसाल्का, साती आसरा आणि न लिहिलेला इतिहास

१/
'वेड पांघरून पेडगावला जाणे' या वाक्प्रचाराशी जोडले जाणारे पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातले, भीमेकाठचे, बहादूरगडाचे. तेथे मोगलांची छावणी होती, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्याला जागा मिळाली. दुसरे पेडगाव परभणी तालुक्यात, मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावर आहे. त्याच्या वाट्याला वाक्प्रचारही आला नाही. हा धागा अशा दुसऱ्या पेडगावांविषयी आहे : ज्यांचा इतिहास दरबारी कागदांत फारसा नाही, पण बारवेच्या काठावर आणि शिवेच्या दगडावर आहे.

२/
आजच्या तरुण वाचकाला बाबा यागा ठाऊक असते. कोंबडीच्या पायांवर फिरणारी तिची झोपडी त्याने पाहिलेली असते. आंद्रे सापकोव्स्की या पोलिश लेखकाची 'द विचर'ची पहिली कथा १९८६ साली आली, २००७ मध्ये तिच्यावर खेळ निघाला आणि २०१९ मध्ये मालिका. स्लाव्ह लोकांची भुतेखेते अशी परभणीच्या मोबाइलपर्यंत पोहोचली. त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की त्याच मोबाइलधारकाला साती आसरा कोण हे सांगता येते काय?

३/
रुसाल्का म्हणजे जलपरी, असा सोपा अर्थ सर्रास लावला जातो. पूर्व स्लाव्ह खेड्यांतली रुसाल्का त्याहून गुंतागुंतीची होती. ती पाण्यात राही, माणसांना बुडवी. पण उन्हाळ्याच्या आरंभीच्या एका सप्ताहात पाण्याबाहेर येऊन शेतांतून फिरे आणि पिकाला ओल देई, अशी समजूत होती. त्या दिवसांत नदीत पोहणे निषिद्ध मानीत. भय आणि सुफलता एकाच देहात नांदत होती.

४/
आता गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांच्या खोऱ्यांकडे वळावे. नदीकाठी, विहिरीच्या थाळ्याजवळ, बारवेच्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात लहान दगड ओळीने मांडलेले दिसतात. त्या साती आसरा. शब्दाचे मूळ 'अप्सरा'. प्राकृतात 'अच्छरा', लोकभाषेत 'आसरा'. त्यांना हिरव्या बांगड्या, हळदकुंकू आणि नैवेद्य वाहतात. त्या माणूस ओढून नेतात आणि त्याच मूलही देतात. जवळच पुष्कळदा त्यांचा राखणदार म्हणून म्हसोबा बसलेला असतो.

५/
या साम्यावरून 'स्लाव्ह आणि मराठी लोक मुळात एकच' असला निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांना होते. ती टाळावी. खोल डोह, निसरडा काठ आणि पाण्यावाचून न चालणारे जगणे ही दोन्हीकडची परिस्थिती सारखी आहे. पाणी आणणे हे बहुतांशी स्त्रियांचे काम; म्हणून पाण्यातली सत्ताही स्त्रीरूप झाली असावी. समान संकटांतून समान कल्पना निघतात, हे स्पष्टीकरण कमी रोमांचक असले तरी अधिक विश्वासार्ह आहे.

६/
दुसरे उदाहरण सटवाईचे. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री ती येते आणि कपाळावर विधिलिखित लिहून जाते. म्हणून त्या रात्री कोरा कागद व लेखणी ठेवतात. चेक लोकांत सुदिच्की, बल्गेरियनांत ओरिस्नित्सी हेच काम करतात. त्या तिघी असतात आणि बहुधा तिसऱ्या रात्री येतात. बाळाची नाळ अस्वच्छ हत्याराने कापली तर होणारा धनुर्वात साधारण पहिल्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतो. ज्या दिवसांत बाळ जगणार की नाही हे ठरे, त्याच दिवसांत नियतीची देवता घरी येते, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

७/
तिसरे उदाहरण अपुऱ्या आयुष्यांचे. मुंज झाली पण लग्नाआधीच मृत्यू आला, असा मुलगा मुंज्या होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली स्त्री हडळ होते. रशियन अभ्यासक दिमित्री झेलेनिन यांनी १९१६ साली दाखवून दिले, की रुसाल्काही अशाच अकाली, अनैसर्गिक मृत्यू आलेल्यांच्या वर्गात मोडतात. मराठी भुतावळीची यादी नीट वाचली तर ती एका समाजाच्या अकाली मृत्यूंची यादी ठरते. कोणत्याही दप्तरात न नोंदलेल्या बाळंतिणी या यादीत मात्र आहेत.

८/
स्थळांकडे पाहता एक लक्षणीय फरक दिसतो. रशियन कथांतले बुयान बेट कोणत्याही नकाशात नाही. कोश्चेयचा प्राण त्या बेटावरच्या ओकवृक्षाखाली, पेटीत, सशात, बदकात, अंड्यात, सुईच्या टोकावर असतो. मराठवाड्यातली अद्भुत स्थळे मात्र बोट ठेवून दाखवता येतात : वेस, शीव, तिवाट, बारव, पांढरी. ती कथेपुरती नसतात. रोजच्या वाटेवर लागतात.

९/
त्यांतली पांढरी विशेष महत्त्वाची. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शतकानुशतकांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती यांनी ती पांढुरकी झालेली असते. तिथे धन पुरलेले आहे आणि नाग त्यावर पहारा देतो, अशी कथा गावोगाव ऐकू येते. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे अशाच पांढरीतून सातवाहनकालीन मृण्मयमूर्ती व मणी मिळाले. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून तेथे संग्रहालय उभे राहिले. कथेतला नाग खोटा असेल, 'येथे जुने काही आहे' ही कथेची सूचना खरी होती.

१०/
हे सारे विद्वानांना अज्ञात होते असे नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) मध्ये तिवाटांवरच्या मातृदेवता आणि प्राचीन वाटा यांचा संबंध दाखवला. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरील ग्रंथात (१९७६) धनगरांच्या मौखिक परंपरेला इतिहासाच्या साधनाचा दर्जा दिला. रा. चिं. ढेरे आणि मराठवाड्यात प्रभाकर मांडे यांनी आयुष्ये या कामात वेचली.

११/
तरीही परभणीचा भाग मागे राहिला आणि त्याला कारण आहे. मुंबई इलाख्यात ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती गोळा केली. १९०९ साली नाशिकला त्यांची हत्या झाल्यावर आर. ई. एन्थोव्हेन यांनी तिचे गुजरात (१९१४) आणि कोकण (१९१५) असे दोन खंड काढले. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होते. ते १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिले. राज्यकारभार उर्दूत चाले, गावाची स्मृती मराठी ओवीत होती. इलाख्याची सीमा जिथे संपली, तिथे टिपणवहीही संपली.

१२/
स्लाव्ह देशांत याच्या उलट घडले. अफानास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात सुमारे सहाशे रशियन लोककथा प्रसिद्ध केल्या. चेक कवी एर्बेन यांच्या १८५३ सालच्या संग्रहात पाणभूत अवतरले. १९०१ मध्ये द्वोर्झाक यांची 'रुसाल्का' प्रागच्या रंगमंचावर आली. आजचे खेळ आणि मालिका याच संग्रहांच्या पायावर उभ्या आहेत. बाबा यागा जगप्रसिद्ध झाली, कारण तिला कोणीतरी वेळेवर लिहून ठेवले. साती आसरा तिच्याहून कमी अद्भुत होत्या म्हणून मागे पडल्या नाहीत.

१३/
मात्र स्लाव्ह इतिहासात एक इशाराही आहे. ९८० साली कीव्हच्या व्लादिमिरने पेरून आदी देवांच्या मूर्ती उभारल्या. ९८८ मध्ये बाप्तिस्म्यानंतर पेरूनची मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून द्नीपर नदीत लोटली. पुढे पेरूनची वीज संत एलियाकडे गेली, गुरांचा देव व्हेलेस संत व्लासीत मिसळला. ग्रामदैवतांचे पुराणीकरण याच चालीने होते. म्हसोबाचा संबंध महिषासुराशी जोडतात. पुराणात देवीच्या हातून मरणारा तो शेताच्या बांधावर मात्र राखण करतो. त्याच्यावर 'शंकराचा अवतार' अशी पाटी लावली, की हा सगळा ताण पुसला जातो.

१४/
दुसरा इशारा बनावटीचा. 'व्हेलेसचे पुस्तक' नावाचा ग्रंथ १९५०च्या दशकात प्रसिद्ध झाला. तो प्राचीन लाकडी फळ्यांवर कोरलेला होता आणि त्या फळ्या महायुद्धात हरवल्या, असे सांगण्यात आले. भाषाशास्त्रज्ञांनी तो बनावट ठरवला, तरी त्याचे भक्त आजही आहेत. 'तुंबाड' (२०१८) मधला हस्तर हे चित्रपटाने घडवलेले पात्र. ती उघड कल्पित कथा होती, त्यात फसवणूक नाही. पण तोच हस्तर 'प्राचीन मराठी दैवत' म्हणून फिरू लागला, तर दोष पाहणाऱ्यांचा. खरी नोंद नसलेल्या जागी बनावट नोंद लवकर रुजते.

१५/
आक्षेप येईल : ही अंधश्रद्धेची भलामण नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. भानामतीच्या नावाखाली मराठवाड्यात माणसांचा छळ झाला आहे, आणि 'चेटकीण' हा शब्द स्त्रीच्या जिवावर उठू शकतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो आवश्यकच होता. पण नोंद करणे म्हणजे मानणे नव्हे. 'चेटकीण' कोणाला म्हटले, ती विधवा होती काय, तिच्या नावावर जमीन होती काय, हे प्रश्न नोंद असेल तरच विचारता येतात. समजूत नष्ट व्हावी आणि तिचा इतिहास उरावा, यांत विरोध नाही.

१६/
काम अशक्य नाही. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. त्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही आहेत. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव गाळातून मोकळी झाली, तेव्हा लोक दुरून पाहायला आले. दगड वाचवण्याची इच्छा जागी झाली आहे. त्या दगडांशी जोडलेले शब्द अजून गाळातच आहेत.

१७/
म्हणून पेडगावला जावे ते वेड पांघरून नव्हे, वही घेऊन. शेंदराचा दगड कुठे आहे, त्याला कोण, कोणत्या महिन्यात, काय वाहतो. कोणाला तिथे येण्यास मनाई होती. विहिरीत कोण बुडाले असे सांगतात. सांगणाऱ्याचे वय काय : एवढे त्याच्या संमतीने, त्याच्याच शब्दांत लिहावे. पुराणातला संदर्भ आपल्याकडून जोडू नये, भयही वाढवू नये. विहिरी बुजत आहेत, हातपंपाला आसरा नसतात, आणि जात्यावर बसलेली शेवटची पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. बाबा यागा आणखी शंभर वर्षे थांबू शकते. ही पिढी थांबू शकत नाही.