हिरवळीची तहान

वैशाख तापला की खडकवासल्याच्या पाण्याचा वाद ठरलेलाच. पुणे शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या कालव्याला किती, यावर बैठका झडतात, निवेदने निघतात. त्याच दिवसांत शहरातील गृहसंकुलांच्या दर्शनी लॉनवर मात्र भर दुपारी फवारे थुईथुई नाचत असतात. या दोन दृश्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

संबंध आहे आणि तो साध्या अंकगणिताचा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिरवळीतून रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी उडून जाते. म्हणजे १०० चौरस मीटरला ५०० लिटर! ग्रामीण घरांसाठी २०१९ च्या जल जीवन मिशनने ठरविलेले प्रमाण माणशी ५५ लिटरचे. एवढ्याशा लॉनवर नऊ ग्रामस्थांचे पाणी खर्ची पडते, तेही नळीतून वाहून गेलेले न धरता.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मालकीवर नव्हे, तर घरातील माणसांवर वाटायचे. माणशी अर्ध्या एकरापुरते. त्यावर ऊस घ्यायचा नाही. कोरडवाहू शेतकऱ्यांनी हे बंधन आपखुशीने स्वीकारले. शिकल्यासवरलेल्या शहरी मध्यमवर्गाने असे कोणते बंधन स्वतःवर घालून घेतले आहे? लॉन हा शहराचा ऊसच आहे.

मुळात लॉन ही बारमाही रिमझिम असलेल्या इंग्लंडची हौस. साहेब गेला, हौस राहिली. मराठी घराला सारवलेले अंगण होते, तुळशीवृंदावन होते आणि परसात मोरीच्या पाण्यावर वाढणारे अळू, केळ, कर्दळ होती. वेगळे पाणी घालण्याची वेळच येत नसे. आज साबणाच्या भुकटीतील क्षारांमुळे मोरीचे पाणी तितके निर्धोक राहिलेले नाही, हे खरे. पण तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी कुंड्यांना उत्तम चालते. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे खारट पाणी मात्र कुंडीत नको. त्याने फरशी पुसावी.

बागेतील पाणी वाचविण्याला यंत्रसामग्री लागत नाही. झाडाच्या आळ्यात तीन-चार बोटे जाडीचा पालापाचोळा पसरला की माती दिवसेंदिवस ओल धरते. हाच पाचोळा अनेक संकुलांत जाळला जातो! मातीचे साधे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, तर ते पाझरत मुळांना पाणी देत राहते. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा चार दिवसांनी, पहाटे किंवा तिन्हीसांजेला, खोलवर पाणी दिले की मुळे खाली जातात आणि झाड काटक होते. हिरवळ हवीच असेल, तर आपली हरळी आहे. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, मरत नाही. मृगाच्या सरींनी पुन्हा तरारते. अडचण एवढीच की ते चार महिन्यांचे पिवळेपण सोसायटीच्या शोभेला बाधा आणते.

मोठ्या संकुलांत तर सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प बांधकाम परवानगीच्या अटीपोटी बसविलेलाच असतो. विजेचे देयक वाचावे म्हणून तो कित्येक ठिकाणी बंद असतो आणि बागेसाठी टँकर येत राहतात. गृहसंस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. तिथे मोटारींच्या जागांवरून तासन्‌तास वाद चालतात. त्याच विषयपत्रिकेवर तो प्रकल्प सुरू करण्याचा आणि उन्हाळ्यात हिरवळ पिवळी राहू देण्याचा ठराव घेता येईल. अनुमोदनाला एक सभासद पुरतो.