मेमरी कार्ड भरून मिळेल

२९ जून २०२० ला केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा सगळा देश टिकटॉकवर बोलत होता. त्याच यादीत शेअरइट आणि झेंडर होती, हे किती जणांना आठवतं? पुण्या-मुंबईत त्यानं कुणाचं काही अडलं नसावं. एटापल्ली, भामरागड, जिवतीकडे अडलं. इकडे ॲप डाउनलोड करायचं नसतं, मित्राकडून 'घ्यायचं' असतं. एका फोननं पाठवायचं, दुसऱ्यानं घ्यायचं, मधे इंटरनेटचा संबंध नाही.

त्याच्याही आधी मोबाइलची दुकानं होती. रिचार्ज, कव्हर आणि एक हातानं लिहिलेली पाटी: मेमरी कार्ड भरून मिळेल. वीस-तीस रुपयांत गाणी, पिक्चर, लग्नाचे व्हिडिओ. सगळं चोरीचं, हे दुकानदारालाही ठाऊक आणि गिऱ्हाइकालाही. आणि तरी ते आठवडी बाजाराच्या शेवटच्या गावापर्यंत पोचलं.

माझा राग इथून सुरू होतो. जे कॉपी करणं गुन्हा होता ते गावोगाव गेलं. आणि लिनक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, जे कॉपी करायला लायसन्समध्येच लेखी परवानगी आहे, ते इथे आलंच नाही. त्या परवानगीत कॉपी करून देण्याचे पैसे घ्यायचीही मुभा आहे. म्हणजे तो पाटीवाला दुकानदार उद्या ५० रुपयांना लिनक्स भरून देऊ लागला, तर तो चोर नाही. त्याला हे कुणी सांगितलंच नाही, कारण सांगणारे सगळे शहरात फायबरच्या वायरीला टेकून बसले आहेत.

मागच्या पावसाळ्यात एका शाळेतल्या सहा जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स टाकायला गेलो होतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ही यंत्रं विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत, म्हणजे पुढे भंगार. पेन ड्राइव्हवरून लिनक्स व्यवस्थित चढलं. मग प्रिंटर जोडला, तर त्याला नेट पाहिजे. व्हिडिओ लावला, तर त्यालाही नेट पाहिजे. "सर, इथं नेट राहतच नाई जी," एक पोरगा शांतपणे म्हणाला, जसं काही मीच नवीन आहे. तो बरोबर होता. टेकडीवर जाऊन एका ग्रुपमध्ये विचारलं, तर उत्तर आलं: एक कमांड मार, दोन मिनिटांचं काम आहे.

दोन मिनिटांचा हिशोब करू. उबुंटूची आजची फाइल सुमारे ६ जीबीची. १ एमबीपीएस वेग सलग मिळाला, तर तेरा तासांहून जास्त लागतात. सलग मिळत नाही. वीज जाते, टॉवर जातो, आणि ब्राउझरमधलं डाउनलोड पुष्कळदा पुन्हा शून्यावर येतं. (ज्या चंद्रपूरच्या कोळशावर महाराष्ट्रात दिवे लागतात, त्याच्या शेजारी वीज जाते, हे वेगळं सांगायला नको.) रोज दीड जीबीचं पॅक मारणाऱ्या पोरानं चार दिवस दुसरं काही बघायचं नाही. मग 'फुकट' कशाला म्हणायचं?

हे नेहमीच असं नव्हतं. २००५ ते २०११ या काळात उबुंटूवाले मागेल त्याला घरपोच सीडी पाठवत, टपालखर्चही घेत नसत. तेव्हा सगळी सिस्टिम ७०० एमबीच्या सीडीत मावायची. 'लिनक्स फॉर यू' मासिकाबरोबर सीडी-डीव्हीडी यायच्या. डेबियन आजही संपूर्ण संच डिस्कवर उतरवून घेता येईल असा ठेवतं. 'ॲप्ट-ऑफलाइन' नावाचं साधन आहे: नेट नसलेल्या यंत्रावर हव्या असलेल्या गोष्टींची यादी बनवायची, ती नेट असलेल्या गावी न्यायची, सामान उतरवून परत आणायचं. किराणा आणतो तसं. म्हणजे वाट आहे. तिच्यावर गवत उगवलं, कारण बनवणाऱ्यांच्या घरचं नेट वेगवान झालं आणि त्यांना वाटलं, जगाचंच झालं. आता कित्येक इन्स्टॉलर म्हणजे नुसता दरवाजा. उघडला की मागे घर नाही, ते नेटवरून येणार.

"पण पेन ड्राइव्हनं व्हायरस पसरतात." पसरतात. म्हणूनच प्रत्येक मोठ्या लिनक्सबरोबर तपासणीचा आकडा दिलेला असतो. शा-२५६ या पद्धतीचा हा आकडा ६४ अक्षरांचा. एसएमएसमध्ये १६० मावतात. फाइल बसनं जाऊ द्या, आकडा एसएमएसनं. टूजीचा एक दांडा असला तरी पुरे. दोन्ही जुळले, तर वाटेत कुणी हात लावलेला नाही. तंत्रज्ञान म्हणून याहून देखणं मला फार थोडं दिसलंय.

"फोरजी येतंय, फाइव्हजी येतंय." येऊ द्या. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताही बंद होतो, म्हणून पूर ओसरायच्या आधी धान्य भरायचं नाही का? आणि वेगाचंच म्हणाल, तर १ टीबीची हार्ड डिस्क पिशवीत टाकून गडचिरोलीहून एसटीत बसा. भामरागडला पाच तास धरा. सरासरी वेग ४०० एमबीपीएसच्या वर पडतो. लालपरीशी बरोबरी करणारं कनेक्शन नागपुरातल्या किती घरांत आहे?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना हातात यायला २०११ उजाडलं. कागदावर मालक, बांबू मात्र जागेवर. मुक्त सॉफ्टवेअरचा हक्क आमच्याकडे तसाच पडून आहे. फरक एवढाच की इथे परवाना अडवणारा कुणी नाही. वाहून नेणारे नाहीत.

त्यासाठी योजना, समिती, उद्घाटन काही लागत नाही. गोंडवाना विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक डिस्क. दोन्ही जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या वाचनालयांत एकेक. तीत डेबियनचा संच, मराठी लिब्रेऑफिस, किविक्सवरचा मराठी विकिपीडिया, फोनसाठी एफ-ड्रॉइडमधली ॲप्स. पुस्तकासारखी नोंद करून घरी न्यायची. आणि शहरातल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मित्रांनो, पुढच्या मेळाव्याला टी-शर्ट आणि स्टिकर छापण्याआधी त्या पैशांत किती डिस्क येतात ते बघा.

त्या शाळेत मी आणखी दोनदा जाऊन आलो. सहापैकी चार यंत्रं चालू आहेत. एकाची रॅम गेली आहे, एकाचं कारण कळलेलं नाही. प्रिंटरच्या फायली सोमवारच्या गाडीनं जातील. आकडा त्या पोराला आजच पाठवलाय.