पत्र्याचे छप्पर आणि भाडेकरू

वाळूजच्या कारखान्यांभोवती कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांवर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर दगड. वादळ मृगाची वाट पाहत नाही, हे थंडी सरतासरता, २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मराठवाड्याने गारपिटीच्या रूपाने अनुभवले आहे. वारा पत्रा दाबत नाही, कडेने उचलतो. मग आधाराचा दगडच घातक ठरतो. पत्रा आकडेदार बोल्टांनी खालच्या लोखंडी पाइपाला आणि पाइप भिंतीत जखडणे, एवढाच उपाय. परंतु खर्च कोणी करावयाचा? छप्पर मालकाचे, भिजणारा संसार भाडेकरूचा. साहजिकच दोघेही स्वस्थ! हा भार कायद्याने मालकावरच टाकला पाहिजे. भाडे किंचित वाढेल, वाढो. घरपट्टी वसूल करणाऱ्यांनीही एकदा मान वर करून छपराकडे पाहावे.