ब्रेक नसलेल्या मोटारसायकली, पॉइंटवर पगार आणि तोट्यातले क्लब: स्पीडवेचं आर्थिक गणित नेमकं काय आहे?

चार रायडर, चार फेऱ्या आणि साधारण एका मिनिटात निकाल. 500 सीसीची, मिथेनॉलवर चालणारी मोटारसायकल आणि तिला ब्रेकच नाहीत. मातीच्या लंबगोल ट्रॅकवर मागचं चाक घसरवत वळणं घेणारा हा खेळ म्हणजे स्पीडवे.

भारतात फारसा माहीत नसलेला हा खेळ पोलंडमध्ये हजारोंची गर्दी खेचतो. ब्रिटनमध्ये मात्र एकेक क्लब बंद पडतोय. खेळ तोच आणि अनेकदा रायडरही तेच, मग दोन देशांत इतका फरक का? त्याचं उत्तर ट्रॅकपेक्षा करार, संघबांधणीचे नियम आणि खर्चाच्या वहीत जास्त सापडतं.

सामना कसा जिंकतात?

लीग सामन्यात सहसा 15 हीट होतात. प्रत्येक हीटमध्ये दोन्ही संघांचे दोन-दोन रायडर उतरतात. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 आणि शेवटच्याला शून्य गुण मिळतो. म्हणजे एका हीटमध्ये 6 आणि सामन्यात 90 गुण वाटले जातात. त्यामुळे 46 गुण मिळवणारा संघ जिंकतो.

आपल्याच संघातल्या सहकाऱ्याच्या लगेच मागे राहून प्रतिस्पर्ध्याला हरवलं, तर रायडरच्या खात्यात एक बोनस गुण जातो. संघाच्या धावफलकावर तो दिसत नाही, पण रायडरच्या सरासरीत आणि सहसा त्याच्या मानधनातही मोजला जातो.

रायडर पगारदार असतो का?

बहुतांश रायडर क्लबचे नोकर नसतात. ते स्वतःचा व्यवसाय करणारे कंत्राटी खेळाडू असतात. मोटारसायकली, सुटे भाग, टायर, मेकॅनिकचा पगार, व्हॅन, विमानाची तिकिटं हा सगळा खर्च मुख्यतः त्यांच्याच खिशातून किंवा त्यांनी मिळवलेल्या प्रायोजकांकडून होतो. इंजिन ठराविक शर्यतींनंतर उघडून दुरुस्त करावं लागतं. नामांकित ट्यूनरकडून तयार करून घेतलेलं इंजिन तर आणखी महाग पडतं.

उत्पन्नाचा मुख्य आधार म्हणजे प्रत्येक गुणामागे ठरलेली रक्कम. पोलंडमध्ये आघाडीच्या रायडरना त्याशिवाय करारावर सही करताना हंगामाच्या तयारीसाठी मोठी रक्कम मिळते.

यातला धोका उघड आहे. इंजिन बिघडलं, गुण नाहीत. पाऊस पडून सामना रद्द झाला, गुण नाहीत. हाड मोडलं, तर कित्येक आठवडे गुण नाहीत, पण मेकॅनिकचा पगार आणि व्हॅनचा हप्ता चालूच राहतो. ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड 2015 मध्ये पोलंडमधल्या झिएलोना गुरा इथल्या अपघातात कमरेखाली अपंग झाला. तेव्हा तो अवघ्या 23 वर्षांचा होता.

म्हणूनच अनेक रायडर एकाच वेळी दोन-तीन देशांच्या लीगमध्ये उतरतात. वेगवेगळ्या देशांनी आपापले वार ठरवून घेतलेत. ब्रिटनची अव्वल लीग मुख्यतः सोमवार आणि गुरुवारी, स्वीडनची मंगळवारी, डेन्मार्कची बुधवारी, तर पोलंडची शुक्रवार आणि रविवारी. हंगामात या रायडरांचा आठवडा ट्रॅक आणि विमानतळ यांच्यातच जातो.

पॉइंट्स लिमिट म्हणजे काय?

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाच्या पैशांवर मर्यादा असते. 2025 च्या मोठ्या लिलावासाठी ती 120 कोटी रुपये होती. ब्रिटिश स्पीडवेमध्ये मर्यादा पैशांवर नाही, रायडरच्या सरासरीवर असते.

ही सरासरी काढायची पद्धत सोपी आहे. बोनस धरून एकूण गुण, भागिले एकूण शर्यती, गुणिले चार. समजा एखाद्याने 28 शर्यतींत बोनससह 63 गुण मिळवले. 63 भागिले 28 म्हणजे 2.25, त्याला चारने गुणलं की सरासरी 9.00. हा आघाडीचा रायडर झाला. 3 किंवा 4 सरासरीचा रायडर नवखा किंवा राखीव मानला जातो.

हंगामाआधी संघातल्या सातही रायडरांची सरासरी मिळून ठरलेल्या आकड्याच्या आत बसवावी लागते. हा आकडा वेळोवेळी बदलतो. उदाहरणापुरतं 42 धरू. एकाला 10.00 चा स्टार घेतला, तर उरलेल्या सहा जणांसाठी 32 उरतात. दोन स्टार घेतले, तर बाकीचे पाच जण 22 मध्ये भागवावे लागतात.

हेतू चांगला आहे. श्रीमंत क्लबने सगळे चांगले रायडर पळवू नयेत, सामने चुरशीचे व्हावेत आणि मानधनाची शर्यत आटोक्यात राहावी.

मग तक्रार कशाची?

पहिली अडचण म्हणजे हा नियम प्रगतीलाच दंड करतो. एखाद्या क्लबने 4 सरासरीच्या तरुणाला संधी दिली आणि वर्षभरात तो 6.5 वर गेला, तर पुढच्या हंगामात तोच संघाला जड होतो. विजेता संघ दुसऱ्या वर्षी जसाच्या तसा ठेवणं जवळपास अशक्य होतं. प्रेक्षकाला मात्र दरवर्षी नवे चेहरे आपले मानावे लागतात.

दुसरी अडचण रायडरची. चांगलं खेळून सरासरी वाढली की तो कोणत्याच संघाच्या गणितात बसत नाही, असंही घडतं. हक्काचं काम जाण्याचं कारण त्याचीच कामगिरी ठरते.

तिसरी अडचण 'पाहुण्या' रायडरची. मुख्य रायडर जखमी झाला, तर ब्रिटनमध्ये तेवढ्याच किंवा कमी सरासरीचा दुसऱ्या क्लबचा रायडर एका सामन्यापुरता घेता येतो. सामना वाचतो, पण काल विरोधात असलेला आज आपल्या जर्सीत दिसतो. नव्या प्रेक्षकाला हे समजावणं कठीण जातं.

त्यात ब्रिटनमध्ये दीर्घकाळ रायडर हा क्लबची 'मालमत्ता' मानला जाई. त्याची नोंदणी एका क्लबकडे आणि तो उधारीवर दुसऱ्याकडे. छोट्या क्लबला त्यातून पैसे मिळत, पण स्वतःचा खर्च स्वतः करणाऱ्या रायडरच्या हातात निर्णय कमी राही.

तरुणांसाठी वेगळी सोय झाली आहे. 2021 पासून ब्रिटनच्या अव्वल लीगमध्ये 'रायझिंग स्टार' म्हणून उदयोन्मुख रायडरसाठी जागा राखली गेली. पोलंडमध्ये प्रत्येक संघात 21 वर्षांपर्यंतचे पोलिश ज्युनियर लागतात. शिवाय 2021 पासून 24 वर्षांपर्यंतच्या एका रायडरचीही अट आली.

क्लबचा पैसा जातो कुठे?

रायडरचं मानधन हा मोठा खर्च आहेच. त्याशिवाय स्टेडियमचं भाडं, ट्रॅकची माती, हवेचे सुरक्षा कठडे, डॉक्टर, रुग्णवाहिका आणि विमा आलाच. वैद्यकीय व्यवस्था नसेल तर शर्यत सुरूच होत नाही. त्यात ऐनवेळी पाऊस आला, तर तिकिटाचा पैसा जातो आणि खर्च अंगावर पडतो.

ब्रिटनमध्ये क्लब खासगी प्रवर्तक चालवतात आणि त्यांची भिस्त मुख्यतः तिकिटांवर असते. अनेकांचं स्वतःचं स्टेडियमही नाही. ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानात ते भाडेकरू असतात. मालकाने जागा नाकारली की क्लब संपतो. कॉव्हेंट्रीचं मैदान 2016 नंतर हातचं गेलं. स्विंडनमध्ये 2019 नंतर शर्यती झाल्या नाहीत. वुल्व्हरहॅम्प्टनचा करार न वाढल्याने 2023 हा तिथला शेवटचा हंगाम ठरला. 2021 मध्ये ब्रिटनचा विजेता ठरलेला पीटरबरो संघही 2023 नंतर बेघर झाला.

यातला एकही क्लब पॉइंट्स लिमिटमुळे जागेला मुकला नाही. संघांमधली चुरस नियमाने राखता येते, पण जमीन मात्र नियमाने मिळत नाही.

पोलंडमध्ये सगळं आलबेल आहे का?

तिथल्या एक्स्ट्रालीगाकडे टीव्हीचा पैसा, सरकारी वीज कंपनीचं प्रायोजकत्व आणि शहरांच्या महापालिकांचा आधार आहे. स्टेडियम बहुतेक शहरांच्या मालकीची असतात. त्यामुळे बार्तोश झमार्झलिकसारखे विश्वविजेते घरच्याच लीगमध्ये उत्तम कमाई करतात आणि जगातले आघाडीचे रायडरही आधी पोलंडचा करार पाहतात.

पण तिथेही सरासरीची मर्यादा 2014 च्या सुमारास हटली आणि स्टार रायडर मिळवण्यासाठी क्लबांमध्ये चढाओढ वाढली. 2024 च्या हंगामानंतर गोझूफच्या स्टाल क्लबचं मोठं कर्ज समोर आलं आणि परवान्याचाच प्रश्न उभा राहिला. झमार्झलिक 2022 पर्यंत याच क्लबकडून खेळत होता. क्लबांना दरवर्षी आर्थिक तपासणीतून परवाना मिळवावा लागतो, तरीही ही वेळ आली.

पुढे काय?

दोन्ही देशांनी वेगळे मार्ग निवडले आणि दोन्हीकडे धोका शिल्लक आहे. ब्रिटनने संघांची ताकद बांधली, पण उत्पन्न आणि जागा सुरक्षित केली नाही. पोलंडने उत्पन्न वाढवलं, पण खर्चाला पुरेसा लगाम लागला नाही.

या दोन्हीच्या मध्ये रायडर असतो. लीग कुठलीही असो, क्लब बुडाला तर त्याची थकबाकी अडकते आणि सरासरी वाढली तर त्याची जागा जाते. त्यामुळे पुढच्या नियमबदलात फक्त पॉइंट्स लिमिटचा आकडा किती हा प्रश्न पुरेसा नाही. रायडरचे पैसे वेळेवर देण्याची हमी कोण घेणार आणि क्लबच्या पायाखालची जमीन कोणाची, हे प्रश्न त्याहून मोठे आहेत.